हंसतील त्यांचे दांत

मराठींत एक जुनी म्हण आहे : हंसतील त्यांचे दांत दिसतील. लोक हंसले तर हंसोत, त्यांत आपलें कांहीं जात नाहीं, असा धीर तिच्यांत आहे. परंतु स्वतःचे दांत दिसतील म्हणून ज्याला हंसण्याचीच भीति वाटते, त्याचें समाधान या म्हणीनें कसें व्हावें ? हा प्रश्न आम्हांस पडण्याचें कारण असें घडलें. येथें गारगोटीस, वेदगंगेच्या खोऱ्यांतील या गांवीं, वर्षाच्या अखेरीस वर्गाचें एकत्र छायाचित्र काढण्याचा प्रघात आहे. छायाचित्रकार “हंसा” म्हणाला कीं बहुतेक मुलें हंसतात. पण यंदा पुढच्या रांगेंतील एका मुलीनें ओढणीचें टोक तोंडाशीं धरलें. आम्ही सहज विचारलें, “काय ग, ऊन लागतं का ?” ती म्हणाली, “नाहीं सर, माझे दांत चांगले नाहींत.”

मुलगी हुशार, घर शेतकऱ्याचें. पुढें आठ दिवसांनीं तिचे वडील आमच्याकडे आले. त्यांच्या हातीं शहरांतील एका दंतवैद्याकडून मिळालेला कागद होता. त्यावर मुलीचें ओठांपुरतें छायाचित्र, दांतांवर उभ्या रेघा, रेघांखालीं आंकडे, आणि सर्वांच्या शेवटीं खर्चाचा आंकडा. मधले दोन दांत प्रमाणाबाहेर रुंद व त्यांच्या बाजूचे दोन लहान असल्यामुळें हास्य ‘सुवर्णप्रमाणांत’ बसत नाहीं, असा त्या कागदाचा निष्कर्ष होता. गेल्या वर्षीं मुलगी पाहून गेलेल्या मंडळींनींहि दांतांकडेच बोट दाखविलें होतें. “सर, तुम्ही शिकलेली माणसं. ह्ये आकडं खरं मानायचं का ?” असा त्या गृहस्थांचा सरळ प्रश्न. आम्ही इतिहासाचे अध्यापक, दंतवैद्य नव्हे. “वाचून सांगतों” एवढेंच त्या वेळीं म्हणालों. त्या वाचनाचा हा वृत्तांत आहे.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊं. हास्यांत दिसणारे दांत मुख्यतः वरच्या जबड्याचे, आणि त्यांतहि पुढचे सहा : मधले दोन रुंद पटाशीचे दांत, त्यांच्या दोहों बाजूंस एकेक लहान पटाशीचा, आणि त्यापलीकडे एकेक सुळा. मधल्या दांताची रुंदी सामान्यतः साडेआठ मिलिमीटरच्या व उंची साडेदहा मिलिमीटरच्या आसपास असते. बाजूच्या दांताची रुंदी सुमारें साडेसहा. परंतु जबडा सरळ रेषेंत नसून कमानीसारखा वळलेला असतो. म्हणून समोरून पाहणारास बाजूचा दांत आहे त्यापेक्षां अरुंद भासतो, आणि सुळ्याचा तर पुढचा भागच काय तो दिसतो. दांतांच्या प्रमाणाची बहुतेक चर्चा या ‘दिसणाऱ्या’ रुंदीची आहे. सुवर्णप्रमाणवाद्यांचें म्हणणें असें कीं, बाजूच्या दांताची दिसणारी रुंदी एक मानली, तर मधल्याची १.६१८ आणि सुळ्याची ०.६१८ असावी, म्हणजे हास्य सुंदर. याखेरीज मधल्या दांताची रुंदी त्याच्या उंचीच्या शेंकडा ७५ ते ८० असावी, असाहि एक संकेत दंतवैद्यांत रूढ आहे. आतां हे आंकडे कोठून आले, आणि ते येण्यापूर्वीं माणसें एखाद्या हास्याला सुंदर कशावरून म्हणत, हें पाहावयाचें.

आपल्याकडील जुनी स्थिति पाहूं लागलें कीं पहिला धक्का बसतो तो ‘स्मित’ या शब्दापाशींच. भरताच्या नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांपैकीं पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, आणि शेवटचे दोन अधमांचे. स्मिताचें लक्षणच असें कीं त्यांत दांत दिसत नाहींत. हसितांत ते किंचित् दिसतात. म्हणजे ज्या हास्याला आज आपण दांतांच्या मापानें मोजूं पाहतों, त्याच्या अत्यंत अभिजात स्वरूपांत दांतांना जागाच नव्हती ! शिल्पांत व चित्रांतहि तोच नियम. अजिंठ्याचा पद्मपाणि पाहावा, घारापुरीची त्रिमूर्ति पाहावी, नाहीं तर आमच्याच जिल्ह्यांतील खिद्रापूरच्या कोपेश्वराचें बाराव्या शतकांतील देऊळ पाहून यावें. देवदेवता आणि देवांगना यांचें हास्य ओठांच्या कडांतच राहतें. आमच्या मूर्तिकलेंत दांत दाखवितात ते कीर्तिमुख, राक्षस आणि उग्र दैवतें. शिल्पशास्त्रानें मुखाची लांबी बारा अंगुळें धरून तिचे कपाळ, नासिका आणि नासिकेपासून हनुवटीपर्यंतचा भाग असे तीन सारखे हिस्से केले, अंगुळाअंगुळाचा हिशेब ठेविला. पण मिटल्या ओठांची मूर्ति घडविणारास दांतांच्या परस्पर प्रमाणाचें गणित लागण्याचें कारणच नव्हतें.

तरी कवींनीं आणि सामुद्रिकांनीं दांतांची उपेक्षा केली असें मात्र नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत स्त्रीचीं शुभ लक्षणें सांगतांना कुंदाच्या कळ्यांसारख्या सारख्या दांतांचें वर्णन केलें आहे. बौद्धांच्या बत्तीस महापुरुषलक्षणांत दांतांसंबंधीं एकाहून अधिक लक्षणें आहेत : दांत चाळीस असावे, ते सारखे असावे, त्यांच्यामध्यें फट नसावी, आणि सुळे शुभ्र असावे. कालिदासानें मेघदूतांत यक्षपत्नीला जें दांतांचें विशेषण दिलें आहे, त्याचा अर्थ मल्लिनाथानें ‘टोंकदार दांतांची’ असा केला. दुसऱ्या कित्येकांनीं त्यांत पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या माणकाची छटा पाहिली. एकाच शब्दावरून एकाला टोंक दिसावें व दुसऱ्याला रंग दिसावा, यावरूनच दांतांच्या सौंदर्याची कल्पना किती लवचिक होती हें कळून येतें.

या वर्णनांतील दोन गोष्टी आम्हांस विशेष लक्षांत ठेवण्यासारख्या वाटतात. पहिली ही कीं, त्यांत भर आहे तो सारखेपणावर, लगटून बसलेल्या पंक्तीवर आणि तकाकीवर. आजचें सुवर्णप्रमाण मागतें तें याच्या उलट : मधला दांत मोठा, पुढचा त्याहून लहान, त्यापुढचा आणखी लहान, अशी उतरती श्रेणी. जुन्या कवीला मोत्यांचा सर हवा होता. नव्या दंतवैद्याला जिन्याच्या पायऱ्या हव्या आहेत. दोघांनाहि आपापली कल्पना निसर्गसिद्ध वाटते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तसल्या दांतांवरून स्त्रीचें भाग्य आणि पतीचें दीर्घायुष्य सूचित होतें, असें मल्लिनाथ सांगतो. वराहमिहिरहि पतीच्या सुखाचीच भाषा बोलतो. म्हणजे मुलीच्या तोंडाकडे पाहून सासरचें भवितव्य वाचण्याची खोड आजची नव्हे. भाकिताची जागा आतां आंकड्यानें घेतली आहे, इतकेंच.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील एका अशा चालीकडे वळूं कीं जिच्यापुढें कुंदकळ्या आणि मोतीं हीं दोन्हीं फिकीं पडावीं. आमची आजी आपल्या सासूबाईंचें वर्णन करी तेव्हां मोठ्या आदरानें सांगे कीं, “त्यांचे दांत कसे काळेभोर, जांभळासारखे चमकत !” लहानपणीं आम्हांस ही निंदा वाटे; ती स्तुति होती हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. जुन्या काळीं महाराष्ट्रांतील सुवासिनी ‘दांतवण’ लावून दांत काळे करीत. उत्तरेकडे यालाच मिस्सी म्हणत. हिराकस आणि हिरडा किंवा मायफळ यांसारखीं तुरट द्रव्यें यांचें हें मिश्रण. लोखंडाचा क्षार आणि तुरट द्रव्य एकत्र आलें म्हणजे काळा रंग धरतो. ज्या गुणानें जुनी शाई होई त्याच गुणानें हे दांत रंगत. कुंकू, काजळ आणि बांगड्या यांच्या पंक्तीला दांतवण बसे, आणि म्हणूनच विधवेला तें वर्ज्य असे. पांढरे दांत हे त्या दृष्टीला उघडेबोडके, कांहींसे अशुभ वाटत असले पाहिजेत.

ही केवळ आपलीच विलक्षण आवड होती असें कोणी समजूं नये. जपानांतील कुलीन व विवाहित स्त्रिया लोखंडाचा अम्लांत भिजविलेला अर्क आणि मायफळासारख्या गांठींची पूड यांनीं दांत काळे करीत; व्हिएतनामांतहि काळे दांत सौंदर्याचेच गणले जात. जपानच्या नव्या राजवटीनें १८७० सालीं सरदारवर्गास ही चाल बंद करण्यास सांगितलें, आणि १८७३ सालीं खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दांतांनिशीं लोकांपुढें आल्यावर ती झपाट्यानें मावळूं लागली. आपल्याकडे असा कांहीं हुकूम निघाला नाहीं. इंग्रजी शाळा आली, दंतमंजनाच्या जाहिराती आल्या, आणि शिकलेल्या मुलींना आईचे काळे दांत जुनाट वाटूं लागले. दोनतीन पिढ्यांत एक सौभाग्यचिन्ह असें पुसून गेलें कीं आज तें कोणाला आठवतहि नाहीं. येथें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, दांत काळे केले म्हणजे एकेका दांताची कड अंधारांत बुडते. तोंड उघडलें तरी पाहणाराला वेगळा दांत व त्याची वेगळी रुंदी मोजतांच येत नाहीं. आमच्या पणजीच्या हास्यांत प्रमाणाचा प्रश्न निर्माण होणेंच शक्य नव्हतें.

मग हा प्रश्न निर्माण कोठें झाला ? त्यासाठीं युरोपांत डोकावलें पाहिजे. तेथेंहि दरबारी सभ्यता दांत झांकण्याकडेच झुकलेली होती. जुन्या तसबिरींत दांत दाखवीत तो मूर्ख, दारुड्या किंवा हलक्या कुळांतला. याला एक व्यावहारिक कारणहि होतें : साखर आली होती, दंतवैद्य आला नव्हता, आणि चाळिशींतल्या पुष्कळ राजेरजवाड्यांच्या तोंडांत दाखविण्यासारखें कांहीं उरत नसे. १७२८ सालीं पॅरिसच्या पियेर फोशारनें दंतचिकित्सेवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दांत उपटणाऱ्या बाजारी माणसाच्या जागीं दांत राखणारा वैद्य उभा राहूं लागला. त्यानंतर साठ वर्षांच्या आंत, १७८७ च्या पॅरिस येथील चित्रप्रदर्शनांत, व्हिजे ल ब्रँ या स्त्री-चित्रकारानें आपल्या मुलीसह काढलेलें स्वतःचें चित्र ठेविलें. त्यांत ओठ किंचित् विलगून पांढरे दांत दिसत होते. तेवढ्यानें रसिक मंडळींत टीका उठली. आपल्या नाट्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर स्मिताच्या जागीं हसित आलें, हाच तिचा अपराध !

पुढें छायाचित्रण आलें तरी प्रथम प्रथम माणसें गंभीरच बसत, कारण कांच उघडी ठेवण्याचा काळ लांब असे आणि हास्य तितका वेळ टिकत नाहीं. शिवाय छायाचित्र म्हणजे तसबीर, आणि तसबिरीला पोक्तपणा हवा, ही समजूत होतीच. आमच्याकडे रविवर्म्याच्या नायिका असोत, कीं १८६७ सालीं कोल्हापुरांत जन्मलेल्या धुरंधरांच्या ललना असोत, त्या बहुतकरून मिटल्या ओठांनींच आपल्याकडे पाहतात. दांतांना खरें राज्य मिळालें तें चित्रपटानें. तो इतिहास तर आमच्या दारांतलाच आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें कोल्हापुरांत ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला तो १९२० सालीं. १९२९ सालीं तेथेंच ‘प्रभात’ची स्थापना झाली, आणि १९३२ सालीं तेथेंच तयार झालेल्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत दुर्गाबाई खोटे झळकल्या. मूकपटांतील नटी डोळ्यांनीं बोलत असे. बोलपटांतल्या नटीला तोंड उघडावें लागलें. चेहरा पडद्याएवढा झाला, आणि वीतभर अंतरावरून आईलाहि न दिसणारी दांतांतील फट थिएटरांतल्या शेवटच्या बांकावरून दिसूं लागली. अमेरिकेंत हॉलीवुडच्या नटनट्यांसाठीं चार्ल्स पिंकस नांवाच्या दंतवैद्यानें १९३० च्या आगेमागें दांतांवर तात्पुरत्या बसवावयाच्या पातळ पापुद्र्यांची युक्ति काढली, ती याच गरजेंतून. चित्रण संपलें कीं ते काढून ठेवावे लागत. म्हणजे प्रमाणबद्ध दंतपंक्ति ही प्रथम रंगभूषेचा भाग होती, मुगुटासारखी किंवा दाढीमिशांसारखी. ती घरोघरच्या मुलींनीं चोवीस तास वागवावी असें त्या वेळीं कोणी म्हटलें नव्हतें.

आतां त्या १.६१८ कडे येऊं. हें गुणोत्तर युक्लिडाला ठाऊक होतें. पण त्याच्या लेखीं तो एक भूमितीचा विषय होता, सौंदर्याचा नव्हे. मनुष्यदेह याच गुणोत्तरानें घडलेला आहे असा सिद्धांत जर्मनींत झाइझिंगनें १८५४ सालीं मांडला, आणि तेव्हांपासून हा आंकडा देवळांत, शिंपल्यांत, चित्रांत आणि चेहऱ्यांत शोधण्याची हौस वाढत गेली. दंतवैद्यांना नियमाची गरज होती ती मात्र खरी आणि प्रामाणिक होती. ज्याचे सर्व दांत पडले आहेत त्याला कवळी बसवावयाची तर पुढचे दांत केवढे घ्यावे ? १९१४ सालीं लिऑन विल्यम्सनें उत्तर दिलें कीं, मधला दांत हा चेहऱ्याची उलटी प्रतिकृति असतो. चौकोनी चेहऱ्याला चौकोनी दांत, निमुळत्याला निमुळता, गोलसराला गोलसर. नियम सोपा होता, त्यावर कृत्रिम दांतांचे सांचेहि तयार झाले. पुढें मोजमाप करून पाहणाऱ्यांना मात्र चेहरा आणि दांत यांचा तसा निश्चित संबंध आढळला नाहीं. १९५० नंतर फ्रश आणि फिशर या जोडीनें वय, स्त्रीपुरुषभेद आणि स्वभाव यांवरून दांतांची ठेवण निवडावी असें सांगितलें. १९७३ सालीं लोंबार्डीनें असें सुचविलें कीं मधला व बाजूचा यांचें जें गुणोत्तर असेल तेंच पुढें पुन्हां यावें, म्हणजे डोळ्याला एकसूत्रता भासते. आणि १९७८ सालीं लेव्हिननें त्या गुणोत्तराच्या जागीं सुवर्णप्रमाण बसविलें. ज्याला निसर्गाचा अनादि नियम म्हणून त्या शेतकऱ्याच्या हातीं दिलें, त्याचें दंतशास्त्रांतील वय हें असें पन्नास वर्षांच्या आंतबाहेर आहे.

नियम नवा आहे म्हणून खोटा ठरत नाहीं; तो पडताळून पाहिला पाहिजे. तसा तो पाहिलाहि गेला. १९९३ सालीं प्रेस्टननें नैसर्गिक दांतांच्या ठशांवरून मापें घेतलीं, तेव्हां मधला आणि बाजूचा दांत यांच्यामध्यें सुवर्णप्रमाण आढळलें तें अवघ्या १७ टक्के लोकांत. आणि बाजूचा दांत व सुळा यांच्यामध्यें तर तें एकांतहि आढळलें नाहीं. सरासरीनें बाजूचा दांत मधल्याच्या सुमारें ६६ टक्के आणि सुळा बाजूच्या दांताच्या सुमारें ८४ टक्के रुंद दिसत होता. म्हणजे सुवर्णप्रमाणाप्रमाणें दिसावा त्यापेक्षां सुळा पुष्कळच रुंद. कोणी म्हणेल, निसर्गांत नसेना का, डोळ्याला तेंच आवडत असेल ! त्याचीहि परीक्षा झाली. वॉर्ड या अमेरिकन दंतवैद्यानें २००७ सालीं निरनिराळ्या प्रमाणांचीं हास्यें तयार करून तीं उत्तर अमेरिकेंतील दंतवैद्यांपुढें ठेविलीं. सामान्य उंचीच्या दांतांच्या बाबतींत त्यांतील अधिकांनीं सत्तर टक्क्यांची सौम्य उतरण पसंत केली, सुवर्णप्रमाणाची बासष्ट टक्क्यांची नव्हे. कारण उघड आहे : सुवर्णप्रमाण काटेकोर पाळलें तर मधले दोन दांत फार भारी व सुळे फार बारीक दिसूं लागतात.

याहून उद्बोधक प्रयोग कोकिच आणि त्याचे सहकारी यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केला. एकाच हास्याच्या छायाचित्रांत थोडाथोडा फरक करीत जाऊन तीं चित्रें त्यांनीं तीन वर्गांना दाखविलीं : दांत सरळ करणारे विशेषज्ञ, सामान्य दंतवैद्य, आणि सर्वसाधारण माणसें. दोन मधल्या दांतांमधली रेघ चेहऱ्याच्या मध्यापासून एका बाजूस सरकवीत नेली, तेव्हां चार मिलिमीटरपर्यंत सरकल्यावर विशेषज्ञांना तें खटकलें. सामान्य दंतवैद्यांना व इतर माणसांना तितक्यानेंहि खटकलें नाहीं. उलट दांत तिरपा झाला तर दोन मिलिमीटरचा फरकहि सर्वांच्या नजरेंत भरला. याचा अर्थ असा कीं डोळा आंधळा नाहीं, पण तो मोजपट्टी घेऊनहि बसलेला नाहीं. उजवीकडचें डावीकडे सारखें असावें, मधले दोन दांत एकमेकांस जुळते आणि पंक्तींत प्रमुख असावे, रेघ कलती नसावी, इतक्या ढोबळ गोष्टी त्याला हव्या असतात. त्यापलीकडे तो मोठ्या उदारपणें क्षमा करतो. ही क्षमा धंदेवाईक नजरेंत कमी होत जाते, आणि हें स्वाभाविकहि आहे. सोनाराला जो डाग दिसतो तो दागिना घालणारीला दिसत नाहीं. मात्र सोनाराची दृष्टि साऱ्या गांवानें उसनी घ्यावयास लागली म्हणजे कोणाचाच दागिना निर्दोष राहत नाहीं.

आणि ज्या गोष्टी डोळ्याला खरोखर दिसतात, त्यांचाहि अर्थ देशोदेशीं बदलतो. मधल्या दोन दांतांतील फट अनेक जाहिरातींत दोष म्हणून दाखवितात. फ्रान्समध्यें तिला भाग्याचे दांत म्हणतात, नायजेरियांतील योरुबा लोकांत ती सौंदर्याची खूण आहे, आणि आपल्याकडेहि कित्येक घरांत अशी फट असलेलें मूल नशीबवान् मानतात. सुळा पंक्तीबाहेर येऊन चढलेला असला तर आपल्याकडे त्याला तार लावण्याची घाई होते. जपानांत तशाच सुळ्याला तरुण पिढी लाडिक समजते. दूर कशाला, ज्याच्या मुखदर्शनासाठीं सारा महाराष्ट्र भाद्रपदांत वेडा होतो, त्या देवाचें एक नांवच मुळीं एकदंत आहे. त्याच्या मुखाची डावीउजवी बाजू सारखी नाहीं म्हणून अजून कोणी मूर्ति परत केल्याचें ऐकिवांत नाहीं.

या सर्वांवरून दंतवैद्यकाची निंदा करावी असा आमचा हेतु मुळींच नाहीं. दांत राखण्याचें शास्त्र आपल्या देशांत उशिरा आलें; कलकत्त्यास रफिउद्दिन अहमद यांनीं १९२० सालीं दंतविद्यालय काढलें, आणि दंतवैद्यांचा कायदा झाला तो १९४८ सालीं. त्यापूर्वीं गांवोगांवीं काय हाल होत हें वृद्धांस विचारावें. ज्याचे दांत एकमेकांवर नीट बसत नाहींत, ज्याला चावतां येत नाहीं, ज्याच्या हिरड्या सुजतात, त्याला उपचार मिळालेच पाहिजेत. आणि दांतांच्या ठेवणीमुळें ज्या मुलाला शाळेंत रोज चिडवतात, त्याच्या मनाचें दुःखहि दुखणेंच आहे. उलट आमच्या या भुदरगड तालुक्यांत खरी भीति आहे ती मिश्रीची. तंबाखू जाळून केलेली ही पूड कित्येक बायाबापड्या अजूनहि दिवसांतून चारचार वेळां दांतांना लावतात. तिनें तोंडाचा कर्करोग होतो. तिच्याबद्दल लग्नाच्या बैठकींत कोणी चकार शब्द काढीत नाहीं, आणि अर्ध्या मिलिमीटरवरून मात्र मुलगी नाकारली जाते, ही आमची तक्रार आहे.

ते गृहस्थ पुन्हां आले तेव्हां आम्हीं त्यांना हें सारें थोडक्यांत सांगितलें. त्या कागदावरील मापें खरी असतील, पण ज्या आंकड्याशीं तीं ताडून पाहिलीं तो निसर्गाचा नियम नाहीं. शंभरांतील बहुसंख्य माणसें त्यांत नापास होतात, आणि त्यांत सुंदर माणसेंहि असतात. निरोगी दांताचें कवच घासून त्यावर पापुद्रा चढविला तर तें कवच पुन्हां उगवत नाहीं, हें खर्चाच्या आंकड्याशेजारीं लिहून ठेवावें. तुमच्या पणजीचे दांत बहुधा काळे होते आणि ती गांवांतली देखणी बाई म्हणून नांवाजलेली असेल. ज्यांनीं मुलगी परत पाठविली त्यांनीं प्रमाण मोजलें नव्हतें. त्यांना नाहीं म्हणावयाचें होतें आणि दांत समोर होते.

ते कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खरं हाय सर. पण पोरगी मनांत झुरतीया, त्येचं काय ?” या प्रश्नाला आमच्या वाचनांत उत्तर नव्हतें. आम्हीं इतकेंच विचारलें कीं, या कागदाविषयीं तिचें स्वतःचें मत काय आहे ? दंतवैद्याकडे तिला नेलें ते पाहुणे परत गेले म्हणून. इकडे ते आमच्याकडे आले तेहि तिला घरीं ठेवून. तिच्या दांतांवर इतक्या माणसांनीं अभिप्राय दिला, आम्हींहि दिला. तिला मात्र कोणी विचारलें नव्हतें. त्यांनीं कागदाची घडी केली, ती खिशांत ठेविली आणि उठतां उठतां म्हणाले, “मग आधी तिलाच इचारतो.”